घडी आणि कातर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून सकाळच्या वेळी चालत गेले, की दोन आवाज कानांवर येतात. एक लाकडावर फिरणाऱ्या रंध्याचा आणि दुसरा नुकत्याच चढवलेल्या तारेचा. माझे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्या गल्लीत पन्नासएक वर्षे तंबोरे करत बसले. पंढरपूरकडून आलेला कडू भोपळा हातात घेऊन, टिचकी मारून, तो कुठल्या तंबोऱ्याचा होणार हे ते सांगत. माझ्या वाट्याला ते कसब आले नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो. गणिताशी तर दहावीनंतर माझी सलाम-दुआही राहिली नाही. तरीही श्रोतेहो, आज मी तुमच्याशी जे बोलणार आहे त्यात थोडे गणित येणार आहे, आणि ते एका फोटोमुळे येणार आहे.

२००८ च्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने बडे अब्बांचा एक फोटो काढला. तेव्हा तो कॉलेजात होता आणि नवा डिजिटल कॅमेरा घेऊन गावभर फिरत असे. खिडकीतून तिरपे ऊन आले आहे, बडे अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून कानशीने जवारी काढत आहेत, हस्तिदंती रंगाची पूड उन्हात तरंगते आहे आणि चार तारा खालपासून वरपर्यंत चमकत गेल्या आहेत. पाहताक्षणी मला वाटले, हा फोटो कुठेतरी पाठवायला हवा.

एका छायाचित्र स्पर्धेचे नियम त्याने मिळवले. नियम क्रमांक चार असा होता : रुंदी जास्तीत जास्त १०२४ पिक्सेल, उंची जास्तीत जास्त ७६८ पिक्सेल, फाइल २५० केबीच्या आत, स्वरूप जेपेग. पुतण्याच्या कॅमेऱ्यातला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा होता. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. म्हणजे त्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके होते आणि स्पर्धेला हवे होते पावणेआठ लाखांच्या आसपास. पंधरा ठिपक्यांतला एक ठेवायचा आणि चौदा सोडायचे. शिवाय प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. ते सगळे जसेच्या तसे लिहिले तर लहान केलेला फोटोसुद्धा सव्वादोन एमबीच्या वर जातो. तो पाव एमबीत बसवायचा. थोडक्यात, आधी पंधरातला एक ठेवायचा आणि मग उरलेल्याचा पुन्हा जवळजवळ दहावा हिस्सा करायचा.

मला प्रश्न पडला, की एवढे काढून टाकल्यावर फोटोत बडे अब्बा उरतात कसे? या प्रश्नामागे लागून मी जे वाचत गेलो, त्याची ही कहाणी.

लहान करण्याची ही खटपट संगणकाने सुरू केलेली नाही. १८७० च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. शहरातून बाहेर पत्रे जात होती ती बलूनमधून. पण वाऱ्यावर जाणारे बलून नेमके पॅरिसमध्ये परत आणणे जमणारे नव्हते. आत निरोप पाठवायला उरली ती कबुतरे. आता कबूतर वाहून वाहून किती वजन वाहणार? तेव्हा रने दाग्रोँ नावाचा एक फोटोग्राफर पुढे आला. अंगठ्या-लॉकेटांत बसवायचे इवलेसे फोटो करण्यात त्याचा हातखंडा होता. १२ नोव्हेंबर १८७० रोजी तो बलूनमधून पॅरिसबाहेर पडला. गंमत अशी, की त्याच्या बलूनचे नाव होते ‘निएप्स’ आणि सोबतच्या दुसऱ्या बलूनचे ‘दागेर’. दोन्ही छायाचित्रणाच्या जनकांची नावे. ‘दागेर’ वाटेत जर्मनांच्या हाती लागले. ‘निएप्स’मधला दाग्रोँ निसटला.

बाहेर पोचल्यावर त्याने निरोपांची छापील पाने फोटो काढून पातळ फिल्मवर इतकी बारीक उतरवली, की एका फिल्मवर अदमासे तीन हजार निरोप बसत. एका फिल्मचे वजन ग्रॅमच्या विसाव्या भागाइतके. अशा फिल्म गुंडाळून पिसाच्या पोकळ नळीत घालायच्या आणि ती नळी कबुतराच्या शेपटीला बांधायची. सोडलेल्यांपैकी थोडीच कबुतरे पोचली. पण जी पोचली त्यांची फिल्म पॅरिसमध्ये जादूच्या कंदिलाने भिंतीवर मोठी करून दाखवत आणि कारकून समोर बसून निरोप उतरवून घेत. कुणाला मुलगा झाला, कुणाची आई बरी आहे, सगळे अक्षरन् अक्षर परत मिळे.

दाग्रोँने घातली ती घडी होती. नऊवारी पातळाची घडी हातभर होते. उलगडले की नऊ वार पुन्हा नऊ वारच.

घडीचा दुसरा मोठा कारागीर डेव्हिड हफमन. १९५१ साली तो अमेरिकेतल्या एम. आय. टी. मध्ये शिकत होता. रॉबर्ट फानो या त्याच्या प्राध्यापकांनी वर्गाला सवलत दिली, की एक प्रश्न सोडवून निबंध लिहा आणि अंतिम परीक्षेतून सुटका करून घ्या. प्रश्न असा, की मजकूर कमीत कमी चिन्हांत कसा लिहावा? फानोंना स्वतःलाही त्याचे पुरते उत्तर मिळालेले नव्हते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले नव्हते. हफमनने ते शोधले आणि १९५२ साली ते प्रसिद्ध झाले. जे वारंवार येते त्याला आखूड खूण द्यायची, जे क्वचित येते त्याला लांब. आपल्या घरांत हे आपण न शिकता करतो. ज्याला दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची त्या पोराचे दाखल्यावरचे नाव अब्दुल रहीम असले तरी तो घरात मुन्ना असतो. आणि दाखल्यावरचे नाव कुठे हरवत नाही. ही पण घडीच.

मग फोटोची अशी घडी का घालत नाहीत? घालतात. १९९६ साली आलेले पीएनजी हे स्वरूप अशाच घडीचे आहे. पण घडीला मर्यादा असते. मजकुरात तीच तीच अक्षरे परत येतात, म्हणून तो चांगला दुमडतो. फोटोत शेजारचे दोन ठिपके सारखे दिसतात, पण नेमके सारखे क्वचितच असतात. उन्हातली पूड, भिंतीचा खरखरीतपणा, दाढीचे केस, हे सगळे घडीत मावत नाही. दहावा हिस्सा करायचा म्हटले तर घडी पुरत नाही.

आणि ठिपक्यांचा हा संसार सुरुवातीपासूनच गरीब होता. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राने वाचून संगणकात घातला. असा हा पहिलाच फोटो. पाच सेंटीमीटरचा चौकोन, १७६ बाय १७६ ठिपके. तान्ह्या बाळाचा चेहरा ओळखू येतो, इतकेच. १९६५ च्या जुलैत मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने काढलेल्या छायाचित्रांत फक्त २०० बाय २०० ठिपके होते. तरी एक छायाचित्र पृथ्वीवर यायला सुमारे आठ तास लागत. कारण सेकंदाला साडेआठ बिटांहूनही कमी वेगाने आकडे येत होते. वाट पाहून कंटाळलेल्या तिथल्या मंडळींनी आकड्यांच्या पट्ट्या कापून भिंतीवर चिकटवल्या आणि रंगीत खडूंनी ठिपके हाताने रंगवून मंगळ पाहिला! १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्यात १०० बाय १०० ठिपके आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद.

चित्र लहान व्हावे ही तेव्हा हौस नव्हती, निकड होती. आणि इथे कातर हातात घ्यावी लागली. पण कातर चालवायची कुठे?

याचे उत्तर मला तंबोऱ्यात सापडले. गाणे ऐकणाऱ्यांना स्वयंभू गंधार ठाऊक असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, की त्या एका तारेतून खर्जाबरोबर वरचे कितीतरी स्वर निघतात आणि नीट जुळलेल्या तंबोऱ्यात कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. म्हणजे एका आवाजात अनेक लाटा असतात : एक जाड, संथ, आणि तिच्यावर बारीक, बारीक. जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेवर ग्रंथ लिहिला, त्यात हेच गणिताने मांडले, की चढउताराची गुंतागुंतीची रेषा साध्या लाटांच्या बेरजेत फोडता येते. चित्रही असेच फोडता येते. भिंतीचा सपाट रंग म्हणजे खर्ज. उजेडाकडून सावलीकडे जाणारा उतार म्हणजे संथ लाट. केस, धागे, पूड, तारा या सगळ्या बारीक लाटा.

या विचाराचे सोपे आणि स्वस्त हत्यार करून दिले ते आपल्या शेजारच्या माणसाने. मिरजेत रात्री गाडीत बसले तर सकाळी जिथे उतरतो, त्या बेंगळुरात १९४० साली नासिर अहमद यांचा जन्म झाला. तिथेच ते अभियंता झाले आणि पुढे अमेरिकेत गेले. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत असताना १९७२ साली त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कल्पनेसाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी जेमतेम चार पानांचा लेख छापला. लेखकांची तीन नावे वाचली तर दक्षिणेकडच्या एखाद्या कॉलेजातली हजेरी चालू आहे असे वाटावे. लेखाचे नाव ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’. आज आपण मोबाइलवर जे फोटो पाहतो त्यांतल्या असंख्य फोटोंच्या पोटात हे चार पानी गणित बसलेले आहे.

१९८६ साली जगभरच्या तज्ज्ञांची एक समिती बसली : जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप. तिच्या आद्याक्षरांवरून जेपेग. निरनिराळ्या पद्धतींची चित्रे माणसांना दाखवून, त्यांच्या डोळ्यांना काय खटकते हे पाहून, १९८८ साली समितीने नासिर अहमद यांच्या गणितावर आधारलेली पद्धत निवडली आणि १९९२ साली तिचे प्रमाण ठरले.

ती पद्धत मला जशी समजली तशी सांगतो. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. १०२४ बाय ७६८ च्या फोटोत असे १२,२८८ चौकोन होतात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ ठिपक्यांच्या जागी ६४ लाटा लिहायच्या : पहिली खर्ज, मग एकेक बारीक होत गेलेली. इथपर्यंत काही हरवलेले नाही. आता कातर. भाजीवाली जसे तीनशे बारा ग्रॅमचे तीनशे धरते, तसे या लाटांचे आकडे ढोबळ करायचे. जाड लाटेला थोडेसेच ढोबळ करायचे, बारीक लाटेला खूप. कारण आपला डोळा जाड लाटेतला फरक पटकन पकडतो आणि बारीक लाटेतला सोडून देतो. ढोबळ केल्यावर बहुतेक बारीक लाटा शून्य होतात. मग इतकी शून्ये, तितकी शून्ये, असे हिशेबाने लिहायचे आणि शेवटी हफमनची घडी घालायची. रंगाच्या बाबतीत डोळा आणखी ढिला असतो; म्हणून उजेडाचे तपशील ठेवून रंगाचे तपशील आधीच निम्म्यावर आणतात.

हे सारे मी त्या दिवसांत बडे अब्बांना जमेल तसे सांगितले. ते कानस बाजूला ठेवून ऐकत होते. सगळे ऐकून म्हणाले, “म्हणजे खर्ज ठेवतात आणि जवारी काढून टाकतात की रे!”

मी गप्प झालो. जवारी म्हणजे तरी काय? घोडीचा माथा केसभर घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून त्या बारीक लाटांनाच बोलते करायचे. त्यांनी पन्नास वर्षे जे कमावले, नेमके तेच हे गणित आधी टाकत होते. कवितेत आम्हीही कातर चालवतो. गझलेच्या दोन ओळींत मावत नाही ते सोडतो. पण कवी सोडतो तेव्हा काय सोडले हे त्याला ठाऊक असते. पुतण्याने एक पट्टी डावीकडे सरकवली, तेव्हा काय गेले हे त्याला कुठे दिसले होते?

अर्थात नुसती तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. १९९१ साली कोडॅकने व्यावसायिकांसाठी डिजिटल कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याची तबकडी वेगळ्या पेटीत खांद्याला अडकवावी लागे. तिच्यात १५६ फोटो बसत. जेपेगची जोड दिली की ६०० पर्यंत. या कातरीवाचून आमच्या पोराच्या हातात कॅमेरा आला नसता आणि मिरजेचा फोटो घरबसल्या परगावच्या परीक्षकांसमोर गेला नसता.

पूर्वी तो जात होता टपालाने. छायाचित्रांची हौस आपल्याकडे जुनी. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. पुढे १९५० च्या सुमारास छायाचित्रकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, भारतातही १९५३ साली महासंघ झाला, आणि ‘सलोन’ म्हटली जाणारी प्रदर्शने-स्पर्धा रुजल्या. बारा बाय पंधरा इंचांचे प्रिंट पुठ्ठ्यात बांधून पाठवायचे आणि पुठ्ठा न दुमडता परत येवो अशी दुआ करायची. काही विभागांत प्रिंटऐवजी स्लाइड चालत. स्लाइड-प्रोजेक्टर मात्र हळूहळू बाद होत गेले. कोडॅकने २००४ साली ते बनवणे बंद केले. त्यांच्या जागी संगणकाला जोडायचे प्रोजेक्टर आले आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असत. नियम क्रमांक चार आकाशातून पडलेला नव्हता. तो प्रोजेक्टरच्या भिंगामागून आला होता. पुढे प्रोजेक्टर सुधारले तसे नियमही १४०० बाय १०५० झाले, मग १९२० बाय १०८० झाले.

त्याच नियमांत कधी ‘७२ डीपीआय’ किंवा ‘३०० डीपीआय’ असेही लिहिलेले असते आणि मुले त्यावर डोके खाजवत बसतात. पडद्यावर दाखवायच्या फोटोला त्याचा काही उपयोग नाही. ती फक्त छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे याची चिठ्ठी आहे. चिठ्ठी बदलली म्हणून ठिपके वाढत नाहीत की घटत नाहीत. जेपेगच्या पट्टीवरचा ‘८०’ हा आकडाही ऐंशी टक्के नव्हे. १९९१ साली एका गटाने सर्वांसाठी मोफत जेपेगची आज्ञावली दिली, तिच्यात शून्य ते शंभर अशी मोजपट्टी होती. दुसरी एखादी आज्ञावली शून्य ते बारा मोजते. एकाचे ऐंशी दुसऱ्याला लागू पडत नाही.

आमच्या फोटोचे काय झाले ते आता सांगतो. पहिल्या खेपेला पुतण्याने चार एमबीची फाइल तशीच पाठवली. ती परत आली. दुसऱ्या खेपेला त्याने घाईत आकार कमी केला, आणि तंबोऱ्याच्या तारा तुटक-तुटक दिसू लागल्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या. कारण सोपे आहे. चारास एक असा ठिपका उचलताना मधले तीन नुसते गाळले, तर तीन ठिपके रुंदीची तार कधी सापडते, कधी सुटते. गाळायचे नसते, शेजारच्यांची सरासरी काढायची असते. १९८१ साली रॉबर्ट कीज यांनी त्याची एक चांगली रीत मांडली, आणि ती ‘बायक्युबिक’ या नावाने फोटोच्या बहुतेक आज्ञावलींत असते. पुतण्याने ती निवडली, तारा सलग झाल्या. मग त्याने पट्टी फारच खाली ओढली, तर भिंतीवर आठ-आठ ठिपक्यांची फरशी दिसू लागली आणि तारांभोवती चिलटे घोंघावल्यासारखे झाले. होता होता २४० केबीवर जमले. फोटो स्पर्धेत स्वीकारला गेला. पदक नाही, पण प्रमाणपत्र आले. ते बडे अब्बांनी घोड्यांच्या फडताळात कानशींशेजारी ठेवले.

२०११ साली बडे अब्बा गेले.

चाळिसाव्यानंतर कारखान्यात त्यांचा तोच फोटो मोठा करून लावायचा असे सर्वांनी ठरवले. तीस इंच रुंद. पुतण्या रात्रभर संगणकापाशी बसला आणि सकाळी माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. “चाचा, असली फोटो नही रहा,” तो म्हणाला. स्पर्धेसाठी लहान करताना त्याने मूळ फाइलच उघडली होती आणि काम झाल्यावर त्याच नावाने जतन केली होती. कॅमेऱ्याचे कार्ड तर दुसऱ्याच आठवड्यात एका लग्नाच्या फोटोंसाठी पुसून झाले होते. उरले होते १०२४ आडवे ठिपके. तीस इंचांवर पसरले तर इंचाला जेमतेम चौतीस. नीट छापायचे, इंचाला तीनशे ठिपके, तर फोटो होतो साडेतीन इंचांच्या आत.

त्याला बोलावे असे मला वाटले नाही. त्याने जे केले ते हजारो लोक रोज करतात. चूक एवढीच, की घडी आणि कातर यांतला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो : फाइल लहान झाली. दाग्रोँच्या फिल्मवरून निरोप परत मिळत होता, कारण तो फक्त दुमडलेला होता. जेपेगमधून गेलेल्या लाटा परत मिळत नाहीत. आणि पुन्हा उघडून, बदल करून, पुन्हा जतन केले, की कातर पुन्हा चालते.

अलीकडे, दोन-तीन वर्षांपूर्वी, त्याने फोटो मोठे करून देणाऱ्या नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे ती २४० केबीची फाइल दिली. फोटो चौपट होऊन आला. इतका स्वच्छ, की आम्ही दोघे क्षणभर आनंदलो. तारा झळझळीत, दाढीचा केस न् केस वेगळा. मग माझी नजर डाव्या अंगठ्यावर गेली. कानस घसरून झालेली एक जुनी खूण तिथे होती; आमच्या घरातल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. यंत्राने ती पुसून अंगठा गुळगुळीत करून दिला होता. त्या यंत्राने लाखो अंगठे पाहिले असतील, बडे अब्बांचा पाहिला नव्हता. नसलेले तपशील त्याने अंदाजाने भरले होते, आणि अंदाजात खूण बसत नव्हती. लहान फोटोत ती खूण दोन-तीन काळसर ठिपक्यांची आहे. पण आहे.

शेवटी आम्ही लहानच फोटो छापला, साडेतीन इंचांचा, भोवती चांगला रुंद पांढरा पुठ्ठा ठेवून. तो कारखान्यात घोडीच्या बैठकीसमोर लावला आहे. दारातून दिसत नाही, जवळ जावे लागते.

पुतण्याचा आता स्वतःचा स्टुडिओ आहे आणि शिकायला मुले येतात. स्पर्धांचे नियम बदललेत, कॅमेरे बदललेत, जेपेगहून नवी स्वरूपेही आली आहेत. तरी बहुतेक स्पर्धा अजून जेपेगच मागतात. तो मुलांना क्रम शिकवतो. आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइल दुसऱ्या जागी ठेवा, जमल्यास दोन जागी. मग प्रतीचा आकार कमी करा, लांबी-रुंदीचे प्रमाण न मोडता. आकार कमी केल्यावर किंचित धार द्या, त्याआधी नाही. आणि सगळे झाल्यावर जेपेग म्हणून एकदाच जतन करा, नव्या नावाने. मुले विचारतात, इतकी काळजी कशाला, फोटो तर तसाच दिसतो. तेव्हा तो त्यांना सतारमेकर गल्लीत घेऊन जातो आणि त्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर उभे करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)